मधल्या जागेवर बारा वर्षे

मी कंपनीत रुजू झाले ते २००६ साली, ग्राहकांच्या तांत्रिक तक्रारी सोडवणाऱ्या विभागात, ज्याला आमच्यात नुसते सपोर्ट म्हणत. त्या वेळी माझ्यासह आम्ही चौघे होतो आणि कंपनी एकच वस्तू विकत होती: रॅकमध्ये सरकवायची, पावणेदोन इंच उंचीची एक पेटी, जिला सगळे बॉक्स म्हणत. तिचे काम सांगायला सोपे आहे. बाहेरच्या जगाला एकच पत्ता दिसतो, त्या पत्त्यामागे दहा-वीस सर्व्हर उभे असतात, आणि येणारी प्रत्येक विनंती त्यांपैकी कोणाच्या गळ्यात घालायची हे ही पेटी ठरवते. बारा वर्षांनी मी बाहेर पडले तेव्हा हीच कंपनी स्वतःची ओळख ‘ॲप्लिकेशन डिलिव्हरी आणि नेटवर्क सुरक्षा’ अशी करून देत होती, तिचे समभाग अमेरिकन शेअर बाजारात नोंदलेले होते आणि सपोर्टच्या पाळ्या चोवीस तास चालत होत्या. मी ज्या खुर्चीत बसत होते तिथून ही वाढ विक्रीच्या आलेखात दिसत नसे; ती तक्रारींच्या बदलत्या स्वरूपात दिसत असे, आणि म्हणून हे लिखाणही तक्रारींच्या अंगानेच जाणार आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण पुढे तिच्या चुका येतील आणि त्यांतली एक माझी आहे.

या धंद्यात आम्ही उशिरा आलो होतो. सिएटलची एफ५ ही कंपनी १९९६ मध्ये निघाली, तिचा बिग-आयपी हा याच कामाचा बॉक्स १९९७ मध्ये बाजारात आला आणि १९९९ मध्ये ती नॅस्डॅकवर नोंदलीही गेली. याच धंद्यातली नेटस्केलर ही कंपनी २००५ मध्ये सिट्रिक्स या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेली होती, आणि फाउंड्री नेटवर्क्सच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ली चेन यांनी २००४ मध्ये ए१० नेटवर्क्स सुरू केली होती. अल्टिऑन या आणखी एका अशाच कंपनीचे उदाहरण तर आमच्याकडे नव्या माणसाला मुद्दाम देत असत. डॉट-कॉमच्या भरात, २००० साली, नॉर्टेलने ती कंपनी सुमारे ७८० कोटी डॉलर मोलाच्या समभागांच्या बदल्यात घेतली. तिच्या उत्पादनांचा तोच व्यवसाय २००९ मध्ये रॅडवेअरने दोन कोटी डॉलरपेक्षाही कमी पैशांत उचलला. इतक्या गर्दीत आणखी एक कंपनी कशाला, या प्रश्नाला आमच्या संस्थापकांचे उत्तर प्रोसेसरमध्ये होते. एका चिपवर अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणित करणारे भाग, येऊ लागले होते, आणि जुन्या बॉक्समधले सॉफ्टवेअर मात्र एकाच कोअरच्या हिशोबाने लिहिलेले होते. सगळे कोअर एकाच वेळी राबतील असे सॉफ्टवेअर मुळापासून लिहिले तर निम्म्या किमतीत तेवढेच काम करणारा बॉक्स देता येईल, असा त्यांचा होरा होता. तो बरोबर निघाला, पण कंपनी वाढली ती निव्वळ वेगामुळे नव्हे, हे मला पहिल्याच वर्षी एका तक्रारीने शिकवले.

एका ग्राहकाच्या संकेतस्थळावर भर दुपारी निम्म्याहून अधिक लोकांना चुकीचे पान दिसत होते, आणि आमच्या बॉक्सच्या पडद्यावर मात्र मागचे आठही सर्व्हर हिरवे. आम्ही पॅकेट कॅप्चर, म्हणजे तारेवरून प्रत्यक्ष काय गेले-आले याची नोंद, मागवला. आठांपैकी एका सर्व्हरचा डेटाबेसशी संपर्क तुटला होता, आणि त्याचा प्रोग्राम ‘सेवा तात्पुरती बंद आहे’ असे लिहिलेले पान अत्यंत तत्परतेने, २०० या यशदर्शक क्रमांकासह परत देत होता. बॉक्सची तपासणी फक्त तो क्रमांक पाहत होती, त्यामुळे तिच्या दृष्टीने सगळे ठीक होते. खरी गंमत पुढे आहे. विनंत्यांचे वाटप ‘ज्याच्याकडे सध्या सर्वांत कमी जोडण्या, त्याला पुढची’ या नियमाने चालले होते. इतर सात सर्व्हर प्रामाणिकपणे डेटाबेसला विचारून उत्तर बनवत होते, त्यात त्यांचा वेळ जात होता. हा आठवा मात्र काहीच न करता क्षणात मोकळा होत होता, म्हणून नियमाप्रमाणे पुढची विनंती पुन्हा त्याच्याकडेच येत होती. बिघडलेला सर्व्हर सर्वांत कार्यक्षम ठरला होता आणि आमच्या पेटीने निम्म्याहून अधिक वाहतूक त्याच्या पदरात टाकली होती.

उपाय दोन ओळींचा होता: तपासणीने क्रमांकावर न थांबता पानाच्या मजकुरात एक ठरावीक शब्द शोधावा, आणि तो नसेल तर सर्व्हरला रांगेतून बाहेर काढावे. पण ग्राहकाच्या अभियंत्याने फोन ठेवण्याआधी जे विचारले ते माझ्या लक्षात राहिले. तो म्हणाला, “तुम्हाला आमच्या पानाच्या आतले दिसतेच आहे, तर मग बाकीचेही बघा ना.” पुढच्या दहा वर्षांत कंपनीने जे काही विकले ते या एका वाक्याच्या पोटात होते, असे आता वाटते. वाटेत मधोमध बसलेली आणि आतले वाचू शकणारी दुसरी जागा ग्राहकाकडे नव्हती. प्रत्येक नवी गरज म्हणून आमच्याच दारात येऊन पडत होती.

त्यातली पहिली मोठी गरज एन्क्रिप्शनची, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून मजकूर सांकेतिक करण्याची. मी लागले तेव्हा बहुतेक संकेतस्थळे फक्त लॉगिनचे आणि पैसे भरण्याचे पान सुरक्षित ठेवत, बाकी सगळा मजकूर उघडा जाई. जानेवारी २०१० मध्ये जीमेलने एचटीटीपीएस ही सुरक्षित पद्धत सर्वांसाठी मूळ मांडणी म्हणून चालू केली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फायरशीप नावाच्या छोट्या साधनाने उघड्या वाय-फायवर दुसऱ्याचे खाते सहज ताब्यात घेता येते हे कोणालाही करून पाहता येईल असे दाखवून दिले, आणि मग एकामागून एक ग्राहक सगळीच पाने सुरक्षित करू लागले. हे ओझे सर्व्हरवर टाकण्याऐवजी बॉक्सवर घेणे सोयीचे होते, आणि दुसरे कारण असे की मजकूर बॉक्सवर उलगडल्याशिवाय कुकी (ब्राउझर विनंतीसोबत पाठवतो ती ओळखखूण) वाचून ग्राहकाला त्याच्या आधीच्याच सर्व्हरकडे पाठवणे शक्यच नव्हते. संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र बॉक्सवर, त्यामागची गुप्त खासगी किल्ली बॉक्सवर. त्यातच आरएसए या पद्धतीच्या १०२४ बिटांच्या किल्ल्या २०१३ अखेर बंद होऊन २०४८ बिटांच्या आल्या. आकडा दुप्पट झाला तरी खासगी किल्लीचे गणित पाच पटींहून महाग होते, हे ग्राहकांना पटवणे हेच सपोर्टचे त्या काळातले मुख्य काम होऊन बसले. ‘कालपर्यंत बॉक्स तीस टक्क्यांवर होता, आज शंभरावर आहे, तुमचे नवे व्हर्जन बिघडले आहे,’ अशी तक्रार येई. आम्ही प्रमाणपत्राची तारीख विचारायचो आणि ते नेमके आदल्या रात्री बदललेले असायचे. एन्क्रिप्शनचे गणित वेगळ्या चिपवर करणारे कार्ड असलेले आमचे महाग मॉडेल त्या दोन वर्षांत चांगले खपले. विक्री विभागाने त्याचे श्रेय स्वतःकडे घेतले, आणि ते त्या विभागाच्या स्वभावाला धरूनच होते.

दुसरी गरज अगदी वेगळ्या दिशेने आली. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयपीव्ही४ पत्त्यांचा, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांना मिळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या क्रमांकांचा, मध्यवर्ती साठा संपला. शेवटचे पाच मोठे गट पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना वाटून टाकण्यात आले. मोबाइल कंपन्यांकडे ग्राहक वाढत होते आणि त्यांना द्यायला पत्ते नव्हते. अनेक ग्राहकांनी एकच सार्वजनिक पत्ता वाटून घ्यावा, प्रत्येकाला त्या पत्त्यावरचे काही पोर्ट, म्हणजे जोडण्यांचे क्रमांक, द्यावेत, आणि कोणत्या क्षणी कोणता पोर्ट कोणाचा होता याची नोंद ठेवावी, असा तोडगा निघाला. त्याला कॅरिअर-ग्रेड नॅट म्हणतात. आमचा बॉक्स मुळातच लाखो जोडण्यांचे तक्ते मेमरीत सांभाळायला बनलेला असल्याने त्याला हे काम शिकवणे तुलनेने सोपे गेले. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट असतात; खालचे राखीव सोडून प्रत्येकाला एक हजाराचा गट दिला तर त्रेसष्ट-चौसष्ट माणसे एका पत्त्यावर बसतात. हे गणित मी इतक्या वेळा समजावून सांगितले आहे की झोपेतून उठवले तरी सांगेन.

या कामातली अडचण वेगात नव्हती, नोंदीत होती. सुरुवातीला आम्ही प्रत्येक जोडणीची एक ओळ लिहीत होतो. मोबाइलवरचे एक साधे पान उघडताना डझनभर जोडण्या होतात, त्यामुळे एका दूरसंचार ग्राहकाकडे नोंदी साठवणारा सर्व्हर चाचणीच्या पहिल्याच आठवड्यात भरून बंद पडला, आणि तो बंद पडताच आमच्या बॉक्सने, ‘नोंद करता येत नसेल तर जोडणी देऊ नये’ या आम्हीच घातलेल्या कडक नियमानुसार, नव्या जोडण्या नाकारायला सुरुवात केली. चूक आमच्या रचनेची होती. नंतर पोर्टचा सबंध गट एकदाच वाटायचा आणि त्या गटाची एकच ओळ लिहायची, अशी पद्धत आणली आणि नोंदींचा ढीग आवाक्यात आला. तरी एक प्रश्न उरलाच. तपास यंत्रणा ग्राहकाकडे पत्ता आणि वेळ घेऊन येत आणि हा कोण ते सांगा म्हणत. पत्त्यावर साठ माणसे, आणि पोर्ट कोणता होता हे तक्रार करणाऱ्या संकेतस्थळाने लिहूनच ठेवलेले नसे. सर्व्हरांनी येणाऱ्याचा पोर्टही नोंदवावा अशी शिफारस जून २०११ च्या आरएफसी ६३०२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे, पण ती पाळलेली मी क्वचितच पाहिली. हा व्यवसाय आमच्या अभियंत्यांना नीरस वाटे, त्याच्यावर कोणी व्याख्याने देत नसे. पण दूरसंचार कंपन्यांच्या मोठ्या खरेदीने कंपनीला जे स्थैर्य दिले त्याच्या जोरावरच पुढचे सगळे प्रयोग झाले, असे माझे मत आहे.

सुरक्षेकडे आम्ही ठरवून वळलो असे सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. हल्ल्यांमुळे आम्हाला वळावे लागले. जोडण्यांचा तक्ता मेमरीत ठेवणाऱ्या कोणत्याही पेटीला मारण्याची सोपी रीत म्हणजे अर्धवट जोडण्यांचा पूर आणून तो तक्ताच भरून टाकणे. सिन कुकी हा त्यावरचा जुना उतारा: जोडणी पूर्ण होईपर्यंत तक्त्यात काहीच लिहायचे नाही, लागणारी माहिती उत्तराच्या क्रमांकातच गुंफून पाठवायची. तो उतारा आम्ही एका ग्राहकाकडे कायमचा चालू करून ठेवला आणि महिन्याभराने मोठ्या फाइली फार सावकाश उतरतात अशी तक्रार आली. कारण क्रमांकाच्या ३२ बिटांत सगळे मावत नाही. मोठ्या विंडोसाठी, म्हणजे पोच येण्याआधी एका दमात जास्त मजकूर पाठवता यावा यासाठी, लागणारा टीसीपी या जोडणीच्या नियमावलीतला पर्याय त्यात हरवतो, आणि लांबच्या ग्राहकाला प्रत्येक वेळी थोडाथोडाच मजकूर मिळतो. औषध फक्त आजारपणातच द्यावे, म्हणजे जोडण्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावरच हा उपाय आपोआप चालू व्हावा, एवढी साधी सुधारणा आम्हाला त्या तक्रारीनंतर सुचली.

वेब ॲप्लिकेशन फायरवॉलची, म्हणजे वॅफची, कथा याहून बोलकी आहे. मजकूर उलगडलेला आहेच, तर त्यात घातक काही आहे का ते पाहावे, हे तर्काला धरून होते. आम्ही पहिले व्हर्जन ज्यांना दिले त्यांत डेटाबेसचे शिक्षण देणारी एक संस्था होती. विद्यार्थी सरावाच्या उत्तरात ‘सिलेक्ट’ या डेटाबेसच्या आज्ञेने सुरू होणारे वाक्य लिहून पाठवत, आणि वॅफ प्रत्येक विद्यार्थ्याला हल्लेखोर समजून अडवत असे. उत्तर जितके अचूक, तितका अडवण्याचा संभव अधिक. पहिल्या दिवशी आम्ही हसलो. नंतर लक्षात आले की प्रत्येक ग्राहकाकडे असे काहीतरी असणारच आहे: कोणाच्या आडनावात अपॉस्ट्रॉफी, कोणाच्या लेखात संगणकाच्या आज्ञा. म्हणून वॅफ आधी काही आठवडे नुसती पाहणारी ठेवायची, तिने काय अडवले असते याची यादी वाचायची, अपवाद लिहायचे आणि मगच तिला अडवण्याची मुभा द्यायची, अशी रीत ठरली. प्रत्यक्षात बहुतेक ग्राहक पाहण्याच्या अवस्थेतून पुढे सरकलेच नाहीत. अपवादांची यादी वाचायला जो माणूस लागतो तो त्यांच्याकडे नव्हता, आणि परवाना विकताना हे स्पष्ट सांगणारा माणूस आमच्याकडे नव्हता. वॅफच्या विक्रीचा आकडा दर तिमाहीला अभिमानाने वाचला जात असताना, त्यातल्या किती खरोखर काही अडवत आहेत हे सपोर्टला ठाऊक होते. आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हीही आपणहून बोललो नाही.

आता माझ्या चुकीविषयी. ७ एप्रिल २०१४ रोजी हार्टब्लीड ही सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या १.०.१ ते १.०.१एफ या व्हर्जनांमध्ये एका छोट्या विनंतीला उत्तर देताना समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासताच वापरली जात होती, त्यामुळे एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी बाहेर पडू शकत होती, आणि त्या मेमरीत खासगी किल्लीही असू शकत होती. रात्री फोन सुरू झाले. मला ठाम ठाऊक होते की ग्राहकांची वाहतूक उलगडण्यासाठी आमच्याकडे स्वतः लिहिलेले सॉफ्टवेअर आहे, ओपनएसएसएल नाही. पहिल्या तीन-चार ग्राहकांना मी त्या आधारावर, कोणालाही न विचारता, ‘आपल्याला धोका नाही’ असे सांगून टाकले. पहाटेच्या सुमारास एका सहकाऱ्याने लॅबमधल्या बॉक्सवर ते तपासणारा प्रोग्राम चालवला आणि उत्तर लाल आले. वाहतुकीची वाट सुरक्षित होती. पण बॉक्सचे स्वतःचे व्यवस्थापनाचे वेब पान ओपनएसएसएलवर चालत होते, आणि आमच्या सॉफ्टवेअरच्या नव्या शाखेत नेमके बाधित व्हर्जन होते. जुन्या शाखेत ०.९.८ होते, जे सुरक्षित होते. म्हणजे आम्ही वर्षभर मागे लागून ज्यांना नव्या व्हर्जनवर आणले होते ते उघडे पडले होते आणि ज्यांनी आमचे ऐकले नव्हते ते निवांत झोपले होते.

मी त्या तीन-चार जणांना एकेक करून पुन्हा फोन केले. त्यांतले एक वयस्कर नेटवर्क प्रमुख शांतपणे म्हणाले, “तुम्ही चुकलात याचे मला काही वाटत नाही. पण तुमच्या पेटीत काय काय भरले आहे याची यादी तुमच्याकडे नाही, हे मला आज कळले.” खरेच नव्हती. कोणत्या शाखेत बाहेरून घेतलेल्या कोणत्या तयार सॉफ्टवेअरचे कोणते व्हर्जन आहे, हे तीन वेगवेगळ्या माणसांच्या डोक्यात होते आणि त्यांतला एक रजेवर होता. पॅच, म्हणजे दुरुस्ती, आम्ही दोन दिवसांत दिला. यादी बनवायला चार महिने लागले. त्यातून सुरक्षा-त्रुटी हाताळणारा स्वतंत्र गट निघाला, आणि सपोर्टचे काम सोडून मी त्यात गेले. कंपनी सुरक्षा विकत होती त्याला तोवर बरीच वर्षे झाली होती. स्वतःच्या सुरक्षेकडे पाहणारा पूर्ण वेळ माणूस तिने नेमला तो तेव्हा.

शेअर बाजारात नोंदणी व्हायची ठरल्यावर कामाची रीत ज्या वेगाने बदलली तेवढ्या वेगाने ती कोणत्याही हल्ल्याने बदलली नव्हती. लेखापरीक्षक आले आणि त्यांनी आमच्या दोन लाडक्या सवयींवर बोट ठेवले. पहिली सवय विक्रीची. ‘हे वैशिष्ट्य पुढच्या व्हर्जनमध्ये नक्की देऊ’ असे एखादा विक्री प्रतिनिधी मेलमध्ये लिहून टाकत असे. लेखांकनाच्या नियमांनुसार असे लेखी आश्वासन हा विक्रीचाच एक भाग ठरतो आणि ते पूर्ण होईपर्यंत त्या सौद्याच्या रकमेतला काही हिस्सा उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. जुने मेल चाळण्यात आठवडे गेले, आणि त्यांत सपोर्टने सद्भावनेने दिलेली आश्वासनेही निघाली. दुसरी सवय आमची. ग्राहक अडकला की एखादा प्रोग्रामर रात्री दुरुस्ती करून खासगी बिल्ड, म्हणजे फक्त त्या ग्राहकापुरते व्हर्जन, बनवायचा आणि आम्ही ते थेट ग्राहकाकडे पोहोचवायचो; सकाळी ग्राहक खूश. आता दुरुस्ती लिहिणारा, ती तपासणारा आणि ती बाहेर सोडणारा हे तीन वेगळे लोक असावेत आणि प्रत्येक टप्प्याची नोंद राहावी, असे ठरले. मी त्या वेळी या बदलावर वैतागले होते. जी दुरुस्ती एका रात्रीत जात असे तिला आता नऊ दिवस लागत. परंतु खासगी बिल्डांचा हिशोब मांडायला बसलो तेव्हा, जगात कुठेतरी चालू असलेले पण आमच्या भांडारात ज्याचा मूळ कोडच नाही असे सात बॉक्स सापडले, आणि वैताग बराच उतरला. नोंदणीच्या दिवशी केक कापला. मी त्या दुपारी त्या सातांपैकी तिसऱ्या ग्राहकाशी बोलत होते.

नोंदणीनंतरची वर्षे क्लाउडची. ग्राहक आपले सर्व्हर दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये हलवू लागले आणि तिथे आमची पेटी सरकवायला रॅकच नव्हता. सॉफ्टवेअर तेवढे विकायचे ठरले, पण त्या मैदानात २००१ पासूनचे एचएप्रॉक्सी आणि २००४ पासूनचे एनजिनएक्स ही हेच काम करणारी सॉफ्टवेअरे मोफत उभी होती, आणि नव्या पिढीच्या प्रोग्रामरना एका मोठ्या पेटीऐवजी प्रत्येक ॲप्लिकेशनमागे एक छोटा बॅलन्सर, म्हणजे विनंत्या वाटणारा प्रोग्राम, हवा होता. एफ५ ने २०१९ मध्ये एनजिनएक्स ६७ कोटी डॉलरना घेतल्याची बातमी मी कंपनी सोडल्यावर वाचली आणि मला अजिबात आश्चर्य वाटले नाही. आमच्याकडे एकरकमी विक्री जाऊन वार्षिक वर्गणी आली. यात एक विचित्र काळ येतो: ग्राहक वाढतात, काम वाढते, पण पूर्वी एका तिमाहीत दिसणारी रक्कम तीन वर्षांवर पसरल्यामुळे उत्पन्न घटल्यासारखे दिसते. त्या काळात पंखा बिघडला, वीजपुरवठ्याचे युनिट जळाले अशा तक्रारी कमी झाल्या, आणि बिघाड आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे की खालच्या दुसऱ्याच्या यंत्रणेत, हे ठरवण्यातच अर्धा दिवस जाऊ लागला.

माझ्या शेवटच्या वर्षात आम्ही बाहेरून उघडे असलेले आमचेच बॉक्स मोजायला घेतले. व्यवस्थापनाचे पान फक्त आतल्या जाळ्यातून दिसावे असे आमचे मार्गदर्शन पहिल्यापासून होते, पण बॉक्स कारखान्यातून निघताना त्याची मूळ मांडणी अशी होती की ते पान प्रत्येक पत्त्यावर उत्तर देई. बंद करणे ग्राहकावर सोडलेले. ज्याने मार्गदर्शन वाचले नाही त्याचा बॉक्स, सगळ्या खासगी किल्ल्यांसह, एका पासवर्डाच्या अंतरावर होता. मूळ मांडणीच बदलावी, नव्या व्हर्जनमध्ये ते पान मुळात बंद असावे, असा प्रस्ताव मी मांडला. विक्री विभागाचा विरोध होता, कारण बॉक्स लावल्यावर पाच मिनिटांत पान दिसते हे त्यांचे प्रात्यक्षिक होते. सपोर्टचाही विरोध होता, आणि तो अधिक रास्त होता: व्हर्जन चढवल्यावर दूर बसलेल्या ग्राहकाला आपलाच बॉक्स दिसेनासा झाला तर त्याला बॉक्सला थेट जोडायची सीरियल केबल घेऊन डेटा सेंटर गाठावे लागेल. तीन बैठका झाल्या. शेवटी असे ठरले की नव्या बॉक्सवर पान बंद राहील, आणि जुन्या बॉक्सवर व्हर्जन चढवताना एक प्रश्न विचारला जाईल, ज्याचे उत्तर दिल्याशिवाय काम पुढे जाणार नाही.

ते व्हर्जन माझ्या निघण्याच्या तीन आठवडे आधी बाहेर पडले. स्वयंचलित पद्धतीने व्हर्जन चढवणाऱ्यांचे काम त्या प्रश्नापाशी अडकून पडत होते, कारण त्यांच्या प्रोग्रामला उत्तर देता येत नव्हते. हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. माझ्या शेवटच्या शुक्रवारी सपोर्टच्या रांगेत सर्वाधिक तक्रारी त्याच बदलाविषयीच्या होत्या. प्रश्नाचे उत्तर आधीच एका फाइलीत लिहून ठेवण्याची सोय मी आणि एका कनिष्ठ सहकाऱ्याने संध्याकाळपर्यंत लिहिली, तिसऱ्या माणसाने ती तपासली, आणि ती बाहेर सोडण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता तो सोमवारी येणार होता.